बाबांचं धुकं

आधीच सांगून ठेवते, मी चिडकी आहे. यात मला अभिमानही वाटत नाही आणि लाजही नाही. नाक जसं आपल्याला मिळतं तसाच स्वभावही मिळतो, आणि माझी ही दोन्ही बाबांकडून आली आहेत. आई म्हणते, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे. माझ्या घरात राहतात, आणि वर जेवायलाही एकाच वेळी बसतात."

बाबांचं फ्रेमचं दुकान आहे. पुढे काच, मागे कामाचं लांबलचक टेबल, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो, त्यामुळे माझी सकाळ करवतीच्या आवाजानं होते. लग्नाचे फोटो, पदव्या, कुणाच्या मावशीनं काढलेली बदकं, जे येईल ते बाबा काचेत बसवून देतात. आणि मी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, दुधात साखर! कसली साखर! पहिल्याच वर्षी मी कॉलेजातून एक वाक्य उचलून आणलं होतं, "फ्रेम म्हणजे चित्राला घातलेलं कुंपण." जेवताना मी ते ऐकवलं. बाबांनी घास खाली ठेवला.

"मग तुझी चित्रं चरायला मोकळी सोड," ते म्हणाले.

झालं. तेव्हापासून माझी चित्रं चिमट्यांनी दोरीला टांगलेली. चार वर्षांत माझा एक कागद त्यांच्या टेबलावर गेला नाही, आणि त्यांनीही कधी मागितला नाही.

चरायचं म्हणाल तर मीच चरत होते. जे दिसेल ते. कुणाची ठिपक्यांची चित्रं पाहिली की महिनाभर ठिपके. मग कुणाचं तरी सगळं तपकिरी पाहिलं, लगेच माझंही सगळं तपकिरी. मग वर्तमानपत्रं फाडून चिकटवली. मग बिनतोंडाची माणसं काढली, इतकी की आईनं विचारलं, "यांना जेवायला कुठून घालतेस?" वर्गात मला नाव पडलं टीपकागद. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण तरी लागला होता. माझं उलटं, गुण कुणाचाच नाही, नुसता रंग लागायचा.

आमच्या सरांना सगळे हूंसर म्हणतात, कारण चित्रासमोर उभे राहून ते फक्त "हूं" म्हणतात. त्या एका हूंवरून आपण काय ते समजायचं. तर शेवटच्या परीक्षेच्या आधी एकदा ते माझ्या भिंतीसमोर आले आणि चक्क बोलले. सगळा वर्ग हातातलं काम सोडून बघायला लागला.

"हे त्याचं," सर एका चित्राकडे बोट करत म्हणाले. "हे तिचं. ते त्या दोघांचं. तुझं कुठंय?"

मी हातातला ब्रश पुसत राहिले.

"शेवटच्या परीक्षेला पाच चित्रं लागतात. तेव्हाही मला हाच प्रश्न विचारावा लागला, तर वर्ष पुन्हा करावं लागेल."

मी सामानाच्या खोलीत जाऊन रडले. मग तिथल्या बादलीला लाथ मारली. मग पाय दुखला म्हणून परत रडले.

वर्ष पुन्हा! सगळे पुढे जाणार आणि मी धाकट्यांच्या वर्गात ठिपके काढत बसणार! म्हणून मग मी "माझं" शोधायला निघाले. डाव्या हातानं चित्र काढलं. ते उजव्या हातानं काढलेल्या वाईट चित्रासारखं आलं. डोळे बांधून काढलं, तर सगळ्यात चांगला भाग माझ्या एप्रनवर उतरला. कांद्याची सालं उकळून रंग केला. कागदावर काही तो चढला नाही, आईच्या पातेल्यावर मात्र असा चढला की आजतागायत उतरलेला नाही. "माझं पातेलं पास झालं," आई म्हणाली, "आता तुझं तू बघ." वर्गात माझ्या शेजारच्या भिंतीवाला चिखल्या म्हणाला, आता पायानं काढून बघ, आधी धू मात्र. या चिखल्याचं सगळं काम मातीचं असतं आणि तोंडही तसंच, कुठंही चिकटतं.

एका दुपारी मी दुकानात पुठ्ठ्याचा तुकडा शोधत होते. टेबलाखाली एक खोकं असतं. चित्र मोठं आणि फ्रेम लहान असली की बाबा गिऱ्हाईकाला विचारून चित्राच्या कडा कापतात, आणि त्या पट्ट्या खोक्यात टाकतात. कुणाचं अर्धं कोपर, बोटीचं टोक, साडीचा काठ. लहानपणी माझी खेळणी हीच. फरशीवर त्या पट्ट्या मांडायच्या आणि ही शेपटी कुणाची, तो कुत्रा आता कुठं गेला असेल, हे ठरवत बसायचं. त्या दुपारी मी पुन्हा तशीच मांडी घालून बसले आणि माझ्या लक्षात आलं, अगंबाई, मला चित्राच्या मधोमध काय आहे याच्याशी कधी काही देणंघेणंच नव्हतं! लग्नाच्या फोटोतसुद्धा मी नवरानवरी बघत नाही. कडेला अर्धा कापलेला, तोंड उघडं टाकून उभा असलेला पाहुणा असतो ना, त्याला बघते.

मग मी वर पळाले आणि काढायलाच बसले. मोठा जाड कागद घेतला. मधला सगळा भाग पातळ राखाडी पाण्याचा, थरावर थर, आत काहीही नाही. आणि जे काय घडतंय ते सगळं कडेला. एका बाजूनं निघून जाणारी कुत्र्याची शेपटी, वरून छत्रीची काडी, खालच्या कोपऱ्यात पळणाऱ्या पोराची टाच. सगळे आत्ताच गेलेत किंवा आता येतील. पहिलं चित्र घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आधी कडा पाहिल्या, मग मला पाहिलं.

"हूं," ते म्हणाले. आणि जाता जाता, "अशीच पाच कर."

मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. शेवटची चुकली, पण त्याचं काही नाही.

आणि मग पाचवं चित्र वाळत असताना कॉलेजात सूचना लागली. परीक्षेनंतर हॉल लोकांना बघायला खुला होणार, तेव्हा यंदा सगळी चित्रं काचेत, फ्रेम करूनच लावायची. दोरी नाही, चिमटे नाहीत. चिखल्यानं सूचना मोठ्यानं वाचून दाखवली आणि वर विचारलं, "कुंपणवाले ओळखीचे आहेत का गं कुणी?"

गेले खाली. कागदांची गुंडाळी टेबलावर ठेवली. बाबा एका आरशाला पट्टी लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण हातातला खिळा खाली पडला.

"फ्रेम हवी होती," मी म्हटलं.

"कुंपण?"

"बाबा!"

"बरं, बरं. पट्टी कुठली?"

"काळी, बारीक."

"काळी? चित्राला काय सुतक आहे? फिकट लाकडाची लावतो."

"माझी चित्रं आहेत!"

"आणि माझं काम आहे!"

असं दहा वाक्यं चाललं. अकराव्याला मी म्हटलं, "तुम्हाला हवं ते करा!" आणि दार आपटून निघाले. दुकानाच्या दाराला स्प्रिंग आहे, ते आपटत नाही. त्यामुळे माझा राग माझ्या मागे सावकाश, चूं करत बंद झाला.

पुढचे काही दिवस मला खाली यायला बंदी होती. पूर्ण झाल्याशिवाय दाखवणार नाही, लावायलाही मीच येणार, असा बाबांचा निरोप आईकडून आला. मी म्हटलं ठीक आहे, गेलं उडत. पण आई कोड्यात पडली होती.

"अगं, तुझे बाबा शीळ घालताहेत," ती म्हणाली. "काल जेवताना दोनदा आपले आपणच हसले. काय काढलंयस तरी काय?"

मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला आईवरच चिडले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी चित्रांखाली लावायच्या चिठ्ठ्या घेऊन हॉलमध्ये पोचले, तेव्हा बाबा आधीच तिथं होते. लग्नाला जाताना घालतात तो शर्ट, खिशात पेन्सिल, हातात फ्रेम सरळ आहे का बघायची पाणसळ. पाचही फ्रेम भिंतीवर लावून झाल्या होत्या, एका रेषेत, आणि प्रत्येकीवर जुन्या चादरीचा तुकडा. हॉलच्या पलीकडच्या टोकाला हूंसर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम पहिल्या भिंतीपाशी उभे होते.

"तयार?" बाबांनी विचारलं आणि एकेक चादर ओढली.

फिकट लाकडाची सुरेख पट्टी. आत चांगला चार बोटं रुंद, पांढरा शुभ्र माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवतात ती पुठ्ठ्याची चौकट. कोपरे असे कापलेले की नजर अडू नये. आणि त्या चौकटीच्या आत राखाडी. नुसतं राखाडी. शेपटी नाही, छत्री नाही, टाच नाही. सगळं माउंटखाली गडप. पाचच्या पाच!

चिखल्या माझ्या कानाशी आला. "हे कुणाकडून टिपलंस?"

माझं डोकं असं तापलं की कान वाजायला लागले. मी तोंड उघडलं. आता जे बाहेर पडणार होतं त्यानं हॉलचं छप्पर उडालं असतं. पण बाबा चित्रांकडे बघत होते, माझ्याकडे नाही, आणि तेच आधी बोलले.

"खरं सांगू? चार वर्षं तुझं मला काही कळलं नाही. ते ठिपके कळले नाहीत, ती बिनतोंडाची माणसं कळली नाहीत. आयुष्य चित्रांत गेलं आणि लेकीचंच कळत नाही, हे कसं सांगायचं? म्हणून विचारलंही नाही कधी. पण हे कळलं मला." त्यांनी काचेजवळ हात नेला, लावला नाही. "धुकं आहे हे. सकाळी दुकान उघडतो तेव्हा असतं कधी कधी. समोरचं काही दिसत नाही, पण आपल्याला ठाऊक असतं, सगळं जागच्या जागी आहे. भीती वाटत नाही. उलट बरं वाटतं. काय काढलंयस, पोरी!"

आणि त्यांनी सरळ असलेल्या फ्रेमवर पुन्हा पाणसळ ठेवून पाहिली.

माझं तोंड तसंच उघडं. आलेला राग आयुष्यात पहिल्यांदा मुकाट परत गेला. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की काय करावं कळेना. आणि तिकडे परीक्षक दुसऱ्या भिंतीपाशी आले होते.

मी गप्प राहू शकले असते. हो, धुकंच आहे, म्हणू शकले असते. पण सरांनी पहिलं चित्र पाहिलं होतं, त्यांना तशीच पाच हवी होती. आणि ते जाऊ दे. चार वर्षं मी दुसऱ्याचं माझं म्हणून खपवलं, आता शेवटच्या दिवशी बाबांचं खपवू?

"बाबा," मी हळूच म्हटलं, "कडेला काहीतरी होतं ना?"

"ते डाग? झाकले की." बाबांनी आवाज उतरवला. "सगळे चित्रकार कडेला ब्रश पुसतात, रंग लावून बघतात. आम्ही ते गुपचूप माउंटखाली घेतो, बोलून दाखवत नाही. धंद्याची रीतच आहे ती. तू तर लहानपणापासून कडेलाच पुसायचीस."

"ते डाग नव्हते."

"मग?"

"चित्र तेच होतं. मधलं नुसतं... मधलं होतं."

बाबांचा चेहरा पडला. मी तो पडताना पाहिला आणि मला स्वतःचे शब्द परत गिळावेसे वाटले. मग त्यांच्या कपाळावरची शीर उठली. हुश्श! हे बाबा माझ्या ओळखीचे होते.

"मग सांगायला तोंडाला काय झालं होतं?"

"तुम्ही सांगू दिलंत?"

"हवं ते करा म्हणून कोण ओरडलं?"

"हवं ते म्हणजे पट्टी! चित्र झाका असं नाही म्हटलं! कडा कापल्या तर नाहीत ना?"

"वेड लागलंय का? लेकीचं चित्र कापेन मी?"

सगळा हॉल बघत होता. बाबांनी खिशातून कटर काढला. लग्नाचा शर्ट असला म्हणून काय झालं, कटर खिशात असणारच. पहिली फ्रेम उतरवून जमिनीवर पालथी घातली, मागची टेप फाडली, पकडीनं खिळे उपटले. मी पुठ्ठा उचलला, चिखल्यानं काच धरली. माउंट बाहेर काढला, कागद परत बसवला. "काच चित्राला टेकतेय," बाबा पुटपुटत होते, "पाप आहे हे, पाप." पण हात थांबत नव्हते. शेपटी आली. टाच आली. छत्री आली. प्रत्येक वेळी ते क्षणभर कडेकडे बघायचे आणि पुढची फ्रेम घ्यायचे.

चार झाल्या. पाचवी भिंतीवरच होती तेवढ्यात सर आणि मॅडम आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

बाबांनी पाचवीकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. फार नाही, एखादा श्वास. निघायच्या आधी आपण घरातल्या माणसाकडे एकदा नीट बघून घेतो ना, तसं त्यांनी त्या राखाडीकडे पाहिलं.

"राहू द्या ते," मी म्हटलं.

"अगं, मार्क!"

"राहू द्या म्हटलं ना!"

मॅडमनी दोरीला बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनी चार चित्रं पाहिली, कडेकडेनं, प्रत्येक कोपऱ्यापाशी थांबत. मग पाचव्याकडे वळल्या. "हे वेगळं कसं?"

"ते माझं नाही," मी म्हटलं. "म्हणजे कागद माझा आहे, पण दिसतंय ते बाबांचं आहे. त्यांना त्यात धुकं दिसलं. त्याला मार्क देऊ नका."

सर म्हणाले, "नियम पाचाचा आहे. चार चित्रांवर पास करता येणार नाही."

"मग नका करू!"

बोलून गेले आणि पायाखालची फरशी गार लागली. वर्ष पुन्हा. धाकट्यांचा वर्ग. ठिपके. पण शब्द परत घ्यायचा तर मी माझ्या बाबांची मुलगी कसली?

"गप्प बस," बाबा म्हणाले. ओरडून नाही, अगदी साधं. "माझं बघून झालंय."

त्यांनी फ्रेम उतरवली, पालथी घातली आणि टेपवर कटर चालवला. माउंट निघाला. कागद परत बसवून त्यांनी फ्रेम भिंतीवर टांगली, सरळ केली आणि मागे सरकले. उजव्या बाजूला, खालच्या कडेला, पाचव्या चित्रात एक अंगठा होता. अर्धाच. काहीतरी घट्ट धरून ठेवणारा, चपट्या, वाकड्या नखाचा.

बाबा वाकून बघायला लागले. कधीतरी हातोडी बसून त्यांचं नख तसं झालंय, माझ्या जन्माच्याही आधी. त्यांनी आपला डावा हात वर करून चित्राशेजारी धरला.

"हा तर..."

"तुमचाच आहे."

"आणि मी तो डाग म्हणून झाकला?" बाबांनी त्याच हातानं कपाळावर मारून घेतलं. "स्वतःचा अंगठा! अरे देवा! घरी सांगू नकोस हं, तुझी आई जन्मभर ऐकवेल!"

मॅडमना हसू आवरेना. चिखल्या तर काच धरून हसत होता, मला काचेचीच काळजी. मॅडमनी डोळे पुसले आणि विचारलं, हे कडेचं बघायला कुणाकडून शिकलीस? मी सांगितलं, दुकानातल्या टेबलाखाली एक खोकं आहे, त्याच्याकडून. त्यांनी ते लिहून घेतलं. खोकं म्हणजे कुठल्या काळातला चित्रकार, असं काही विचारलं नाही.

हूंसर मात्र पाचही चित्रांसमोरून एकदा गेले, परत आले. मी वाट बघत होते, प्रश्न येतोय का. ते माझ्याकडे वळले, बाबांकडे वळले, आणि पुढच्या भिंतीकडे निघून गेले. हूंसुद्धा म्हणाले नाहीत. चिखल्या म्हणाला, "अभिनंदन."

आणि खरंच पास झाले! पहिली नाही. पहिला आला चिखल्या, त्याच्या मातीच्या खुर्चीवर कुणालाही बसायची परवानगी नव्हती म्हणून की काय, मला ठाऊक नाही. मी मधे कुठंतरी होते, पण होते. आईला अंगठ्याची गोष्ट मीच सांगितली, रात्रीच्या जेवणाआधीच. असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत.

प्रदर्शन संपल्यावर पाचही चित्रं दुकानात परत आली. बाबा म्हणाले, काच टेकलेली ठेवायची नाही. मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो. काचेच्या आणि कागदाच्या मधे बारीक पट्ट्या बसवायच्या, म्हणजे कडा दिसतात आणि चित्रालाही काच लागत नाही. पट्टी कुठली यावरून थोडं भांडण झालं. चार चित्रं संध्याकाळपर्यंत झाली. पाचवं बाबांनी घेतलंच नाही. टेबलाच्या एका टोकाला ठेवलं, दुसऱ्या कामाला लागले, परत आले, खोकले, काच पुसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." त्यांनी काच परत पुसली. "हे... परत झाकू का?"

"अहो बाबा, त्यात तुमचा अंगठा आहे!"

"अंगठा रोजच बघतो गं," बाबा म्हणाले. "धुकं कुठं रोज बघायला मिळतं?"

माझं डोकं तापायला लागलं होतं. मग मी पाहिलं, तो पांढरा माउंट त्यांनी फेकला नव्हता. स्वच्छ पुसून, टेबलाच्या कडेला तयार ठेवला होता.

"झाका," मी म्हटलं.